वारेची ओळख : प्रथिनांच्या खुणेवरून पेशी कशा ओळखतात

गेल्या पौषांत आमच्या गोठ्यांतील एका संकरित गाईनें सहाव्या महिन्यांत गाभ टाकला. पहांटे सालदारानें हांक मारली तेव्हां वासरूं मेलेलें होतें आणि वारेचा अर्धा भाग बाहेर लोंबत होता. सालदारानें तो उघड्या हातांनींच ओढून काढला. पूर्वापार चालीप्रमाणें आम्हीं सर्व कांहीं एका पाटींत गोळा करवून बांधाच्या कडेस खड्डा खणविला, वर चुना टाकविला आणि गोठा धुऊन काढला. दुपारीं गुरांचे डॉक्टर आले. गाय तपासून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "वार कोठें आहे?" आम्हीं मोठ्या समाधानानें सांगितलें कीं, पुरली. त्यावर ते म्हणाले, "भाऊसाहेब, आपण जन्मभर पंचनामे लिहिलेत. पंचनाम्यापूर्वीं जागा झाडून काढावयाची नसते, हें मीं आपणांस सांगावें काय?"

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची झाली, तेव्हां हा टोला आम्हांस नीट लागला. पुढें तीन आठवड्यांनीं शेजारच्याच दावणीवरील दुसऱ्या गाईनें तसाच गाभ टाकला, त्या वेळीं मात्र आम्हीं कांहींएक पुरलें नाहीं. जें पडलें त्यांतील बराच स्वच्छ दिसणारा एक तुकडा आम्हीं स्वतः निवडला. काळपट, चामड्यासारखा जाड व दुर्गंधीचा असा दुसरा तुकडा डॉक्टरांनीं निवडला. आणि दोन्ही निरनिराळ्या बरण्यांत घालून एका पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठविले. उत्तर आलें तें असें : आमच्या तुकड्यांत वारेची एकही पेशी नाहीं, तें केवळ गाईच्या गर्भाशयाचें अस्तर व गोठलेलें रक्त आहे, डॉक्टरांच्या तुकड्यांत वार आहे. मांसाच्या दोन तुकड्यांविषयीं इतक्या ठामपणें बोलणारे हे लोक तें कशावरून ठरवितात, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत राहिला. डॉक्टरांस वारंवार त्रास देऊन व कांहीं वाचून जें समजलें, तें या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम वार म्हणजे काय हें नीट पाहिलें पाहिजे, कारण आपण शेतकरी ती जन्मभर पाहतों आणि तिजविषयीं फारच थोडें जाणतों. वार ही गाईची नव्हे. ती वासराची आहे. ज्या एका फळलेल्या बीजापासून वासरूं होतें, त्याच बीजाच्या बाहेरच्या थरापासून वार तयार होते. गाईच्या गर्भाशयाच्या आंतल्या अंगास सुमारें सत्तर ते एकशेंवीस उंचवटे असतात. वारेवर त्यांच्या समोर झुपकेदार गड्डे उगवतात, आणि या गड्ड्यांचीं बारीक बोटें त्या उंचवट्यांच्या खांचांत शिरून गुंततात. व्याल्यावर पडलेल्या वारेवर जीं तांबडीं बटणें आपणांस दिसतात, तीं हींच. बोटें खांचांत अडकून राहिलीं म्हणजे आपण म्हणतों कीं, वार पडत नाहीं. या जागीं गाईचें रक्त व गर्भाचें रक्त अगदीं जवळून वाहतें, परंतु एकांत एक मिसळत नाहीं. मध्यें पेशींचे पडदे असतात आणि सर्व देवघेव त्या पडद्यांतून होते.

वारेच्या अगदीं बाहेरच्या पडद्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. बहुतेक पेशी साध्या, एकेका केंद्रकाच्या. परंतु शेंकडा पंधरा ते वीस पेशी चांगल्या मोठ्या असून त्यांत दोन दोन केंद्रकें असतात. ह्या दोन केंद्रकांच्या पेशींचें वर्तन मोठें विलक्षण आहे. त्या आपली जागा सोडून हळूहळू पलीकडे सरकतात, गाईच्या गर्भाशयाच्या पेशींशीं एकजीव होऊन तीन केंद्रकांची एक पेशी बनवितात, आणि आपल्याजवळील कणांचा सांठा गाईच्या बाजूस रिता करतात. इंग्लंडांत बेब्राहॅम येथें संशोधन करणारे वूडिंग यांनीं १९८० च्या सुमारास हें स्थलांतर गाईच्या वारेंत दाखवून दिलें. आम्हांस तें वाचून बांध कोरीत पुढें सरकणाऱ्या शेजाऱ्याची आठवण झाली; फरक एवढाच कीं, येथें अतिक्रमणानें दोन्ही घरांचें भलें होतें. या पेशींनीं पलीकडे पोंचविलेलीं प्रथिनें गाईच्या रक्तांत उतरतात. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण तिचा रोकड उपयोग पुढें यावयाचा आहे.

आतां तुकडा प्रयोगशाळेंत गेल्यावर काय होतें तें पाहूं. तो प्रथम फॉर्मॅलिनमध्यें मुरवून घट्ट करतात, मग मेणांत बसवितात, आणि त्या मेणाच्या वडीचे यंत्रानें इतके पातळ काप काढतात कीं, एका मिलिमीटरच्या जाडींत असे दोनशेंहून अधिक काप बसावे. काप कांचेच्या पट्टीवर चिकटवून रंगवितात. नेहमींच्या रंगानें पेशींचीं केंद्रकें निळसर जांभळीं व बाकीचा भाग गुलाबी दिसतो. तुकडा ताजा व नीट असला, तर जाणत्या माणसास एवढ्यानेंच पुरतें. वारेचीं बोटें तो तत्काळ ओळखतो. परंतु गाभ टाकलेल्या जनावराची वार बहुधा कुजलेली, तुटलेली व पुवानें भरलेली असते. सुजलेल्या अस्तराच्या पेशी फुगून वारेच्या पेशींसारख्या दिसूं लागतात. शिवाय काप इतका पातळ असतो कीं, दोन केंद्रकांच्या पेशीचें एकच केंद्रक त्यांत येतें आणि दुसरें शेजारच्या कापांत राहतें. मग ती पेशी साध्या पेशीसारखी भासते. थोडक्यांत, तोंडवळ्यावरून ओळख पटत नाहीं. कचेरींत आम्हीं हेंच अनेकदां पाहिलें आहे. वारसाच्या नोंदीसाठीं उभा राहिलेला इसम मयताचा मुलगा आहे असें त्याच्या चेहऱ्यावरून कोणी लिहून घेत नाहीं. कागद मागतात, ओळखीचा साक्षीदार मागतात.

पेशीच्या बाबतींत हा कागद म्हणजे तिनें स्वतः तयार केलेलें प्रथिन होय. शरीरांतील बहुतेक प्रत्येक पेशीजवळ आनुवंशिक लेखाचें संपूर्ण दप्तर असतें. यकृताच्या पेशीजवळ जें आहे तेंच कातडीच्या पेशीजवळ आहे. परंतु प्रत्येक जातीची पेशी त्या दप्तरांतील आपल्या कामाचे तेवढेच रुमाल सोडते, बाकीचे बांधलेलेच राहतात. कोणता रुमाल सुटलेला आहे हें त्यावरून तयार झालेल्या प्रथिनावरून कळतें. जें प्रथिन वारेच्याच पेशी तयार करतात व गर्भाशयाच्या पेशी करीत नाहींत, तें पेशींत सांपडलें म्हणजे वारेची खूण सांपडली. मात्र प्रथिन हें सूक्ष्मदर्शक यंत्रांतूनही नुसत्या डोळ्यांस दिसणारें नव्हे. तें दिसावें कसें, यांत सर्व युक्ति आहे.

ती युक्ति प्रतिपिंडांची. परकें प्रथिन शरीरांत शिरलें कीं, त्याच्या बरोबर मापाचीं धरून ठेवणारीं द्रव्यें रक्तांत तयार होतात, हें लसीच्या निमित्तानें वाचकांस ठाऊक आहेच. वारेंतून काढून शुद्ध केलेलें प्रथिन सशास टोंचलें तर सशाच्या रक्तांत त्या प्रथिनास धरणारीं प्रतिपिंडें होतात. हें सशाचें द्रव्य कांचेवरील कापावर घातलें म्हणजे तें ज्या पेशींत तें प्रथिन आहे तेथेंच धरून बसतें व बाकीचें धुऊन जातें. मग त्यावर दुसरें प्रतिपिंड सोडतात. हें बहुधा शेळीच्या रक्तांतील असून सशाच्या प्रतिपिंडास धरणारें असतें, आणि त्याच्या पाठीवर रंग उमटविणारें एक पाचक द्रव्य आधींच बांधलेलें असतें. हें पाचक द्रव्य युरोपांत चटणीसारख्या खाल्ल्या जाणाऱ्या, मोहरीच्या कुळांतील एका झणझणीत मुळापासून काढतात. शेवटीं जवळजवळ रंगहीन असें एक रसायन व थोडें हायड्रोजन पेरॉक्साइड घातलें कीं, जेथें तें पाचक द्रव्य असेल तेथें आणि तेथेंच तपकिरी कण सांचतात. निळसर जांभळ्या केंद्रकांच्या गर्दींत वारेच्या पेशी भाजलेल्या चिंचोक्याच्या रंगाच्या उठून दिसतात. गाईचें प्रथिन, सशाचें रक्त, शेळीचें रक्त, मुळाचा रस आणि मधमाशीच्या मेणाचा भाऊ असें पॅराफिन, इतक्यांचा मेळ एका कांचेच्या पट्टीवर बसतो, याचें आम्हांस तरी मोठें कौतुक वाटलें.

या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत हार्वर्ड येथें आल्बर्ट कून्स व त्यांचे सहकारी यांनीं १९४१ सालीं प्रतिपिंडास चमकणारा रंग जोडला. त्यास अंधाऱ्या खोलींतील खास सूक्ष्मदर्शक लागे. १९६६ सालीं नाकाने व पियर्स यांनीं वर सांगितलेल्या पाचक द्रव्याची योजना केली, आणि साध्या सूक्ष्मदर्शकावर काम होऊं लागलें. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिलस्टीन यांनीं एकाच घराण्याच्या पेशींपासून अगदीं एकसारखीं प्रतिपिंडें वाटेल तितकीं मिळविण्याची रीत काढली. त्यांस १९८४ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला.

गाईच्या वारेची जी मुख्य खूण, तिचा शोध लागला तो मात्र वारेची ओळख पटविण्यासाठीं नव्हे, तर गाय गाभण आहे कीं नाहीं हें रक्तावरून कळावें म्हणून. अमेरिकेंतील आयडाहो विद्यापीठांत सॅसर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं गाभण गाईंतच आढळणारीं दोन प्रथिनें वेगळीं केलीं. १९९१ सालीं बेल्जममध्यें लीएज येथें बेकर्स यांच्या मंडळीनें त्याच घराण्यांतील प्रथिन शुद्ध केलें, आणि पुढच्याच वर्षीं तें दोन केंद्रकांच्या त्या प्रवासी पेशींतच भरलेलें असतें हें कांचपट्टीवर दिसून आलें. या घराण्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पॅग' म्हणतात. त्याची वंशावळ मौजेची आहे. १९९१ सालींच मिसूरी विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, हीं प्रथिनें जठरांतील पेप्सिन व वासराच्या पोटांतील दूध नासविणारें द्रव्य यांचीं भाऊबंद आहेत. परंतु पचविण्याची शक्ति यांनीं गमावलेली आहे. गाईंत या घराण्याचे वीसांहून अधिक सभासद आहेत. त्यांतील जुनी शाखा वारेच्या बाहेरच्या थरांतील सर्वच पेशींत सांपडते; नवी शाखा दोन केंद्रकांच्या पेशींपुरतीच आहे. प्रतिपिंड कोणत्या शाखेचें हें ठाऊक नसतां नुसतें 'पॅग दिसलें' म्हणणें म्हणजे आडनांव लिहून नांव न लिहिणें होय.

येथें एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटली, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारणही तीच आहे. आम्ही समजत होतों कीं, तपकिरी रंग आला म्हणजे वार, न आला म्हणजे नाहीं. डॉक्टर हंसले. ते म्हणाले, एका साक्षीदारावर निकाल देणारा हाकीम आणि एका रंगावर निकाल देणारा प्रयोगशाळेंतील मनुष्य सारखेच घातकी. रक्तांतील कांहीं पेशींजवळ रंग उमटविणारें स्वतःचें पाचक द्रव्य असतेंच. तें आधीं मारून टाकलें नाहीं तर गोठलेल्या रक्तांतही तपकिरी डाग उठतात. उलटपक्षीं तुकडा फॉर्मॅलिनमध्यें फार दिवस राहिला तर प्रथिनें एकमेकांस जखडलीं जाऊन प्रतिपिंडास धरावयास जागाच उरत नाहीं, आणि वार असून नाहींशी होते. काप द्रवांत उकळून ही जखडण सैल करण्याची रीत १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. म्हणून प्रत्येक खेपेस संशयित कापाबरोबर निश्चित वार असलेला एक काप व वार नसलेला एक काप रंगवितात. पहिल्यावर रंग आलाच पाहिजे, दुसऱ्यावर येतां कामा नये. यांपैकीं एक जरी चुकलें, तरी त्या दिवशींचें सर्व काम रद्द.

शिवाय दुसरी खूण पाहतात. शिंगें, खूर व केस ज्या द्रव्याचे बनतात त्याच्या जातीचें सायटोकेरॅटिन नांवाचें प्रथिन शरीराच्या सर्व पडद्यांच्या पेशींत असतें. वारेच्या बाहेरच्या पेशींत तें असतें. तसेंच गर्भाशयाच्या वरच्या थरांत व त्यांतील ग्रंथींतही असतें. मात्र मांसाच्या मधल्या गराच्या पेशींत व रक्तांत नसतें. म्हणजे ही खूण एकटी घेतली तर ती वारेची म्हणतां येत नाहीं, परंतु गराच्या फुगलेल्या पेशींचें सोंग ती उघडें पाडते. पॅगही एकटें पुरत नाहीं, कारण प्रवासी पेशी तें गाईच्या बाजूस नेऊन ठेवतात. तेव्हां गर्भाशयाच्या कांठावरही थोडा तपकिरी रंग दिसणारच. दोन्ही खुणा, पेशीची आकृति आणि तिची जागा, या चारांचा मेळ बसला म्हणजे मग कागदावर 'वार आहे' असें लिहितात. आमच्या तुकड्यांत सायटोकेरॅटिन होतें, पॅग नव्हतें, आणि जागा ग्रंथींची होती. चौकशी पुरी झाली.

वाचक म्हणतील, वार असली काय नि नसली काय, वासरूं तर गेलेंच! तसें नाहीं. सांसर्गिक गर्भपाताचा जंतु, म्हणजे ज्यास ब्रुसेला म्हणतात तो, गाभण गाईंत वारेच्या या बाहेरच्या पेशींत शिरून बेसुमार वाढतो. डेन्मार्कांतील पशुवैद्य बांग यांनीं १८९७ सालीं तो प्रथम प्रसिद्ध केला. गाईच्या वारेंत एरिथ्रिटॉल नांवाचा एक गोड पदार्थ असतो व त्यावर हा जंतु पोसतो. मनुष्याच्या वारेंत तो नसतो. तेव्हां ज्या तुकड्यांत वारच नाहीं त्यांत जंतु दिसला नाहीं, म्हणजे रोग नाहीं, असें मुळींच होत नाहीं. आम्हीं निवडलेला एकटाच तुकडा पाठविला असता, तर 'जंतु आढळला नाहीं' एवढें वाक्य वाचून आम्ही निर्धास्त झालों असतों. डॉक्टरांच्या तुकड्याचा एक काप पॅगसाठीं व लगतचा दुसरा ब्रुसेलाच्या प्रतिपिंडानें रंगविला. ज्या पेशी एकांत वारेच्या ठरल्या, त्याच दुसऱ्यांत जंतूंनीं ठासून भरलेल्या दिसल्या. गाईंच्या रक्ताची परीक्षाही तशीच निघाली. त्याच सुमारास आमच्या सालदारास रोज सायंकाळीं ताप येऊं लागला होता, सांधे दुखत, अंगाला दरदरून घाम सुटे. लोक हिवताप म्हणत होते. कागद हातांत आल्यावर त्याचें रक्त तपासलें, आणि त्यास सहा आठवडे औषध घ्यावें लागलें. पहिल्या गाईची वार त्यानें उघड्या हातांनीं ओढली होती. ती पुरली नसती तर त्याचे तीन आठवडे तरी वांचले असते, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

म्हणून ज्याच्या गोठ्यांत असा प्रसंग येईल त्यानें हातमोजे घातल्याखेरीज, निदान दोन्ही हातांस प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्याखेरीज कशासही हात लावूं नये. वारेचीं बटणें ज्यावर आहेत असाच भाग निवडावा. स्वच्छ दिसतो म्हणून निवडूं नये, उलट रोगट दिसेल तो घ्यावा. त्याचे बोटाच्या पेऱ्याहून जाड नसलेले तुकडे रुंद तोंडाच्या बरणींत, तुकड्यांच्या दसपट फॉर्मॅलिनमध्यें ठेवावे. अरुंद तोंडाच्या बाटलींत कोंबलेला तुकडा घट्ट झाल्यावर बाहेर निघत नाहीं. जंतु वाढवून पाहावयाचे असतील तर दुसरा तुकडा फॉर्मॅलिनवांचून, दुहेरी पिशवींत बांधून बर्फावर पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिननें जंतु मरतात. हें सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं करावें हें सांगावयास नकोच. उरलेलें खोल पुरावें व चुना टाकावा. तेवढें आमचें बरोबर होतें. कुत्र्यांस मात्र वार खाऊं देऊं नये. गर्भपाताचे रोग कुत्र्यांकडून गुरांकडे व गुरांकडून कुत्र्यांकडे जातात. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस टोंचतात, आणि २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिची योजना आहे. गाभण जनावरास ती देत नाहींत.

हीच विद्या माणसांच्या दवाखान्यांतही चालते, आणि तेथें तर प्रश्न बाईच्या जिवाचा असतो. दिवस गेलेल्या बाईस रक्तस्राव होऊं लागला व गर्भाशयांतून कांहीं मांसाचे तुकडे निघाले, तर घरचीं माणसें समजतात कीं गर्भ पडला. परंतु गर्भ गर्भाशयांत नसून नळींत रुजलेला असला, तरीही गर्भाशयाचें अस्तर फुगतें व तुकडे होऊन पडतें. ते तुकडे गर्भासारखेच दिसतात. नळींतील गर्भ मात्र वाढत राहतो, आणि नळी फुटली म्हणजे पोटांत रक्तस्राव होऊन थोड्या वेळांत प्राणावर बेततें. म्हणून पडलेल्या तुकड्यांत वारेच्या पेशी आहेत कीं नाहींत हें पाहतात. फुगलेल्या अस्तराच्या पेशी व वारेच्या सुट्या पेशी या दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या. परंतु अस्तराच्या त्या पेशींत सायटोकेरॅटिन नसतें, वारेच्या पेशींत असतें. ग्रंथींतही तें असतें, म्हणून एचएलए-जी नांवाच्या दुसऱ्या एका प्रथिनाची साक्ष काढतात. तें गर्भाशयांत शिरलेल्या वारेच्या पेशींच्या अंगावर असतें. वार सांपडली तर गर्भ गर्भाशयांत होता असें बहुतेक निश्चित होतें. न सांपडली तर डॉक्टर स्वस्थ बसत नाहींत. गर्भाच्या संप्रेरकासाठीं बाईचें रक्त पुनःपुन्हा तपासतात व नळीचा शोध घेतात. असे तुकडे लाजेनें किंवा किळसेनें टाकून देण्याची आपल्याकडे चाल आहे. ती सोडून ते स्वच्छ भांड्यांत घालून बाईबरोबर दवाखान्यांत न्यावे, ही विनंती आम्ही विशेषतः घरांतील वडील स्त्रियांस पोंचवावी म्हणून लिहितों.

आणखी एक प्रकार असा कीं, कधीं कधीं गर्भ न होतां नुसती वारच द्राक्षांच्या घोसासारखी वाढते. पूर्ण घोस होतो तेव्हां त्यांतील सारा आनुवंशिक लेख पित्याकडून आलेला असतो, मातेचा मुळींच नसतो. पी-५७ नांवाचें प्रथिन केवळ मातेकडून आलेल्या लेखावरूनच तयार होतें, सबब पूर्ण घोसाच्या वारेंतील ज्या पेशींत तें एरवीं दिसावयाचें त्यांत तें दिसत नाहीं. येथें खुणेचा अभाव हीच खूण. अशा बाईवर पुढें कांहीं महिने नजर ठेवावी लागते, कारण उरलेल्या वारेपासून कर्करोग होण्याचा संभव असतो.

आतां मघां राखून ठेवलेल्या रोकड उपयोगाकडे येतों. पॅग प्रथिनें गाईच्या रक्तांत उतरतात, आणि तेथून थोड्या प्रमाणांत दुधांतही येतात. कांचपट्टीवर जीं प्रतिपिंडें वारेची पेशी दाखवितात, त्यांच्याच जातीचीं प्रतिपिंडें लहान खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टींत बसवून त्यांत रक्त किंवा दूध घातलें तर रंग येतो व गाय गाभण असल्याचें कळतें. रेतनानंतर अठ्ठावीस दिवसांपासून ही परीक्षा करतां येते. हात घालून तपासणाऱ्यास त्याहून अधिक दिवस थांबावें लागतें. आपल्याकडे ही सोय अद्याप प्रत्येक तालुक्यांत नाहीं, परंतु मोठ्या डेअऱ्या व पशुवैद्यक संस्था यांच्याकडे विचारून पाहावें. म्हशीसही ती लागू पडते.

येथेंही एका साक्षीदाराचा नियम विसरूं नये. व्याल्यानंतर हीं प्रथिनें रक्तांतून लगेच जात नाहींत. म्हणून व्याल्यास निदान साठ दिवस होईपर्यंत ही परीक्षा करीत नाहींत, नाहींतर मागच्या वासराचीच साक्ष नव्या गर्भाच्या नांवें लिहिली जावयाची. तसेंच गर्भ आंतल्या आंत मेला, तरी कांहीं दिवस रंग येतच राहतो. बाजारांत 'गाभण' म्हणून घेतलेली गाय दोन महिन्यांनीं पुन्हा माजावर आली, असे तंटे आम्हांस नवे नाहींत. त्यांतील एकांत आम्ही स्वतःच घेणारे होतों, आणि विकणाऱ्याजवळ चिठ्ठीही होती. चिठ्ठी खोटी होती असें आतां आम्ही म्हणत नाहीं. तिजवर गाय केव्हां व्याली, रेतन केव्हां झालें व नमुना केव्हां घेतला, यांपैकीं एकही तारीख नव्हती. आणि तारीख नसलेला कागद आम्हीं कचेरींत कधीं घेतला नाहीं, तो बाजारांत मात्र घेतला.

सालदार आतां बरा असून कामावर आहे. दोन्ही गाई वेगळ्या छपरांत बांधल्या आहेत, त्यांचें दूध उकळल्यावांचून कोणी घेत नाहीं, आणि त्या विकावयाच्या नाहींत असें ठरविलें आहे. म्हैस भाद्रपदांत व्याली. तिच्या रक्ताची ब्रुसेलाची परीक्षा निर्दोष निघाल्यावरच तिचें रेतन करविलें. त्यास येत्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीं अठ्ठावीस दिवस पुरे होतात, तेव्हां नमुना द्यावयाचा आहे. तिन्ही तारखा गोठ्याच्या दारावर खडूनें लिहून ठेविल्या आहेत.